घरातून जाणारा रस्ता

गोरक्षराव बोरस्ते यांनी उभं आयुष्य नोटा छापण्यात घालवलं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना घर परवडलं ते थेट सावरखिंडीत. यात काहीतरी काळंबेरं आहे असं नाशिकरोडच्या त्यांच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांना वाटे. नोटांच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाकडे नमुन्यादाखल का होईना काहीतरी राहिलं असेल, असा लोकांचा प्रेमळ समज असतो. गोरक्षरावांकडे त्या नोकरीतून राहिलेली गोष्ट एकच होती. रोज सुटताना गेटवर झडती होत असल्यामुळे, मागून कुणी ‘थांबा’ म्हटलं की त्यांचे दोन्ही हात आपोआप वर जात. लग्नाच्या पंगतीत जात, बँकेत जात. पत्नी उज्ज्वलावहिनींच्या अंत्यविधीला स्मशानात गुरुजी ‘थांबा’ म्हणाले तेव्हाही गेले होते. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतर फ्लॅटमध्ये ते एकटेच. मुलगा ज्ञानेश पुण्यात, संगणकाच्या कंपनीत. दर रविवारी त्याचा फोन येई आणि दर रविवारी तो पुढच्या महिन्यात नक्की येणार असे. मध्येच कधीतरी कुरियरनं फोटो येत. ज्ञानेश, सूनबाई आणि नात सृष्टी महाबळेश्वरला, तिघं उटीला, तिघं मनालीला भाड्याचे लोकरी झगे घालून. गोरक्षराव ते फोटो टीव्हीवर उभे करून ठेवत आणि बातम्या बघता बघता त्यांच्याकडे बघत. असंच बघता बघता एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की पोरगा बापाकडे येत नाही, डोंगराकडे मात्र न चुकता जातो. तेव्हा बापानंच डोंगरावर जाऊन राहिलं, तर एका सुट्टीत दोन्ही कामं उरकतील. हिशेबात खोट नव्हती. जगातले पुष्कळ मोठे घोटाळे अशाच बिनचूक हिशेबांतून झालेले आहेत.

ही २००४ सालची गोष्ट. डोंगरात घर घ्यायचं म्हटल्यावर सोसायटीत सल्ल्यांची आवक सुरू झाली. त्र्यंबकला घ्या, असं एकानं सांगितलं. त्यावर तिथं माणसं विधीला येतात, राहायला नव्हे, असं दुसऱ्यानं बजावलं. इगतपुरीला गेले तर तिथं मुंबईकरांनी भाव असा चढवून ठेवलेला, की आपण छापलेल्या नोटा शेवटी कुठं जात होत्या ते गोरक्षरावांना कळलं. पेठच्या बाजूला एका एजंटानं उतारावरची सुरेख जागा दाखवली. ती आदिवासींची जमीन, कायद्यानं विकत घेता येत नाही, असं गोरक्षराव म्हणाले, तेव्हा घेऊ नका, फक्त पैसे द्या, अशी तोड त्यानं सुचवली. शेवटी वणीच्या पुढं, घाट चढून गेल्यावर सावरखिंड नावाचं बाजाराचं गाव आहे, आणि तिथं गावठाणात एक घर अगदी आवाक्यातल्या भावात निघालंय, असं कळलं.

खालच्या मजल्यावरचे योगेश कुलथे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर विमानांचे पंख जोडले, पण एसटीनं घाट चढायचा म्हटलं की त्यांच्या पोटात ढवळे. त्यामुळे ते बरोबर आले नाहीत. सल्ला मात्र त्यांनी बसपर्यंत आणून दिला. घर आवडलं तरी आवडल्याचं दाखवायचं नाही, आणि दुसरं गिऱ्हाईक दिसलं तर हातचं सोडायचं नाही. या दोन सूचना एकाच वेळी पाळता येत नाहीत हे गोरक्षरावांच्या ध्यानात आलं, तेव्हा बस दिंडोरीच्या पुढं गेली होती.

घर खरोखर चांगलं होतं. दगडी जोतं, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. पुढचं दार बाजारपेठेकडे आणि हापशीकडे. मागचं दार वरच्या आळीकडे. दोन्ही दारं अशी एका रेषेत, की पुढच्या ओट्यावर उभं राहिलं की घराच्या आरपार मागचा डोंगर दिसे. घरमालक सावळीराम शिंपी. त्यांच्या आजोबांचं इथं कापडाचं दुकान होतं; आता दुकान पंचवटीत हलवलेलं.

गोरक्षराव नावड चेहऱ्यावर आणून खांब न्याहाळत होते, तेवढ्यात खांद्यावर पंचा टाकलेला एक माणूस मागच्या दारानं आत आला. त्यानं आढ्याकडे एक नजर टाकली, माजघरातून चालत गेला आणि पुढच्या दारानं बाहेर पडला. थोड्या वेळानं काखेत कोंबडी घेतलेली एक बाई आली. ती जरा थांबली, भिंतीला हात लावून पाहिला आणि गेली. मग आणखी दोघं आले, आपसात काही बोलले. ‘कौलं फिरवायला झाली’ एवढं गोरक्षरावांना ऐकू आलं. कुलथ्यांनी बजावलेली दुसरी गिऱ्हाइकं हीच, असं त्यांना वाटलं. त्यांनी शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं, लोक बरेच येतात वाटतं बघायला.

“येतात,” सावळीराम म्हणाले.

“रोज?”

“रोज. घराला राबता आहे.”

सावळीरामांशी न्यायानं वागायचं तर हे मान्य केलं पाहिजे, की त्यांनी त्या दिवशी एकही शब्द खोटा उच्चारला नाही. गोरक्षरावांनी तिथंच, चुलीच्या कट्ट्यावर टेकून, बयाणा दिला.

सामान लागलं. पहिल्या सकाळी माजघरात खुर्ची टाकून ते चहा पीत होते, तोच मागच्या दारानं त्या दिवशीची कोंबडीवाली बाई आली. आज डोक्यावर हंडा, काखेत कळशी. “उठले का भाऊ?” असं तिनं विचारलं. नवीन माणसाच्या चौकशीला शेजारीण आली याचं गोरक्षरावांना बरं वाटलं. खुर्ची द्यावी म्हणून ते उठले, वळले, तर बाई पुढच्या दारानं हापशीकडे गेलेली. रिकामी खुर्ची हातात धरून ते उभे राहिले. मग पंचावाला आला. तो तिचा नवरा बुधा. मग आश्रमशाळेची पोरं एका रांगेत गेली, प्रत्येकानं जाता जाता मधल्या खांबाला हात लावला. त्यांच्यामागून एक शेळी गेली. शेळीबरोबर कुणीच नव्हतं. तिलाही रस्ता माहीत होता.

बाईचं नाव झुंबरबाई. परतीच्या फेरीत त्यांनी तिला गाठलं आणि हा काय प्रकार आहे ते विचारलं. तिनं हंडा न उतरवता सगळं सांगितलं. वरच्या आळीतून हापशीला, बाजाराला जायचं तर शाळेवरून मोठा वळसा पडतो. सावळीरामाच्या आज्यानं दोन्ही दारं मुद्दाम उघडी ठेवली होती, कारण दुकानातून माणूस गेला की वर्षाकाठी एखादा खण तरी घेतोच. दुकान गेलं, पायांची सवय राहिली. गोरक्षराव म्हणाले, ठीक आहे, पण निदान विचारायचं तरी.

झुंबरबाई हसली. “रस्त्याला कुणी विचारतं काय भाऊ?”

हे त्यांना लागलं. रोज झडती देऊनही ताठ मानेनं बाहेर पडलेला माणूस स्वतःच्या माजघरात रस्ता ठरावा, ही गोष्ट साधी नाही. त्यांनी पडदा लावला. लोक पडदा बाजूला सारून जाऊ लागले, आणि आठवडाभरात तो शेळीनं खाल्ला. मग त्यांनी ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी रंगवून घेतली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ती न येणाऱ्यांना वाचून दाखवली, आणि सगळे पुढं गेले. वैशाखात वरच्या आळीतली वरात निघाली तीही घरातूनच. फरक इतकाच, की आत आल्यावर वाजंत्र्यांनी सूर खाली आणला. घरात म्हातारं माणूस आहे, निजलं असेल, एवढी समज त्यांना होती. कुणी गेलं तर तिरडी मात्र वळशानं नेत. राहत्या घरातून तिरडी न्यायची नाही, असं गावानं ठरवलेलं होतं. कधी, ते कुणाला आठवत नव्हतं.

एवढं असूनही, गोरक्षराव तक्रार करत तितके दुःखी नव्हते, ही गोष्ट त्यांनी कुणाला, स्वतःलाही, कळू दिली नाही. घड्याळ न बघता त्यांना वेळ कळू लागली. वणीची गाडी आली की नाही, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, बाजारात मेथी कशी लावलीय, सगळं माजघरात बसल्या जागी समजे. येणाराजाणारा एक वाक्य टाकून जाई. उत्तरासाठी कुणी थांबत नसे, त्यामुळे गोरक्षराव ज्याचं उत्तर त्याला परतीच्या फेरीत देत. अशी संभाषणं कधी कधी संध्याकाळपर्यंत चालत.

मे महिन्याच्या शेवटी ज्ञानेश, सूनबाई आणि सृष्टी खरोखर आली. तीन दिवस राहायचं ठरवून आली होती. पहिल्याच सकाळी सूनबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर पडल्या, आणि समोरून बुधा वासराला दोरीनं ओढत आला. त्यानं अदबीनं मान खाली घातली आणि विचारलं, “रामराम वहिनी. कधी आल्या?”

सूनबाईंची किंकाळी बाजारपेठेत ऐकू गेली. सृष्टी मात्र वासराच्या मागं मागं हापशीपर्यंत गेली आणि तिला आणायला माणूस पाठवावा लागला. दुपारपर्यंत बॅगा भरून झाल्या. सूनबाई गाडीत जाऊन बसल्या होत्या. ज्ञानेश ओट्यावर बुटांची नाडी बांधत, वर न बघता बोलला.

“बाबा, हे घर आहे की एसटी स्टँड?”

“माणसं चांगली आहेत रे.”

“असतील. तिला इथं कसं ठेवू मी? तुम्ही हे बंद करा. दिवाळीत आठ दिवस येऊन राहतो. शब्द देतो.”

शब्द हा प्रकार ज्ञानेशकडून गोरक्षरावांना बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ते ग्रामपंचायतीत हजर झाले.

ग्रामसेवक भाऊसाहेब बाजारच्या दिवशीच भेटत. त्यांनी गावठाणाचा नकाशा पसरला, चष्मा लावला, चष्मा काढला आणि सांगितलं की घरातून जाणारा रस्ता नकाशावर नाही. गोरक्षरावांना आनंद झाला. मग बंद करायला हरकत नसावी. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. जो रस्ता कागदावर नाही तो बंद कसा करणार? आधी रस्ता आहे असं सिद्ध करा, त्याची नोंद होऊ द्या, मग तो बंद करण्यासाठी अर्ज करा. तेव्हा गोरक्षरावांनी आपल्या घरातून सार्वजनिक रस्ता जातो असा अर्ज स्वतःच्या सहीनं केला. मोजणीला माणसं आली. त्यांनी माजघरात साखळी धरली आणि खांब मध्ये येतो म्हणून नाराजी दाखवली. तालुक्याच्या कचेरीत कागद गेला, तिथून तो गावाकडे परत आला, कारण गाव म्हणेल ते खरं. गावातून पुन्हा तालुक्याला गेला, कारण तालुका म्हणेल ते पक्कं. अखेर हरकती मागवणारी जाहीर नोटीस निघाली. ती ‘मौक्यावर’ चिकटवायची असते. मौका म्हणजे गोरक्षरावांचं मागचं दार. शिपायानं नोटीस चिकटवली, घरातून चालत पुढच्या दारानं बाहेर पडला, आणि आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं नाही.

ग्रामसभेत सुनावणी होती. गोरक्षरावांनी भाषण तयार केलं होतं. घर म्हणजे काय, खासगीपणा म्हणजे काय, राज्यघटना काय म्हणते, असे टप्पे होते, आणि शेवटी आवाज थोडा कापेल अशी जागाही त्यांनी राखून ठेवली होती. गाव चिडेल, हुज्जत होईल, कदाचित कुणी अंगावर येईल, याची तयारी होती. ते उठणार इतक्यात बुधा उभा राहिला.

“भाऊला तरास होतो म्हणता ना. मग नको. आम्ही वरून जाऊ.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. बस्स, एवढंच. विरोधाची अशी उपासमार गोरक्षरावांनी आजवर पाहिली नव्हती. मतं मोजताना सरपंच “थांबा, हात मोजू द्या” म्हणाल्या, आणि गोरक्षरावांचे दोन्ही हात वर गेले. ठरावाच्या बाजूनं दोन मतं जास्त धरली गेली. भाषण घडी घालून खिशातच राहिलं. परत येताना त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटत होतं. कुणी फसवलं ते मात्र सापडेना.

शिवाय गावानं आणखी चांगुलपणा केला. भाऊच्या घरातून जायचं नाही तर वळशाचा रस्ता तरी नीट हवा, म्हणून कुठल्यातरी निधीतून पावसाळा सरता सरता सिमेंटचा रस्ता झाला. तो गोरक्षरावांच्या मागच्या दारासमोरूनच, शाळेला वळसा घालून बाजारात उतरे. दाराला नवा कडीकोयंडा बसला.

पहिल्या दिवशी शांतता फार छान वाटली. दुसऱ्या दिवशीही ती छान आहे असं ते स्वतःला सांगत होते. मग चहा पिताना ते मध्येच मान वर करू लागले. वणीची गाडी आली की नाही कळेना. मेथीचा भाव कळेना. कुणाच्या घरात काय झालं, कुणाचं पोर शाळेतून पळालं, काही म्हणजे काही आत येईना. भिंतीपलीकडे सिमेंटवर पावलं वाजत, बोलणं ऐकू येई, आणि घराशी आलं की बोलणं हळू होई. भाऊला त्रास होतो. गावानं एकदा मनावर घेतलं की घेतलं. पोरंसुद्धा तेवढ्या टप्प्यात चवड्यांवर चालत. मधल्या खांबाला पोरांचे हात लागून लागून एका उंचीवर गुळगुळीत चकाकी आली होती. तिच्यावर हळूहळू धूळ बसली. गोरक्षरावांनी ती एकदा पुसली आणि आपण हे कशाला करतोय असं वाटून फडकं ठेवून दिलं.

पण दिवाळी होती ना. त्यांनी भिंतींना चुना दिला, दोन नव्या गाद्या भरून घेतल्या, नाशिकहून गिझर आणला. तो बसवायला आलेल्या माणसाला, नात येणार आहे, पाणी फार कढत नको, असं तीनदा सांगितलं. चिवडा त्यांनी स्वतः केला. बसस्टँडवरच्या बूथवरून फोन लावला तर ज्ञानेश म्हणाला, येतोय बाबा, नक्की.

आणि तो आला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, नव्या सिमेंटच्या रस्त्यावरून, भाड्याच्या मोठ्या गाडीतून. गोरक्षरावांनी मागच्या दाराची कडी काढली. सूनबाई आत आल्या, चहूकडे बघून म्हणाल्या, की आता किती शांत वाटतंय, अगदी रिसॉर्टसारखं. गाडीतून सामान उतरेना, तेव्हा गोरक्षराव स्वतः डिकीकडे निघाले. ज्ञानेशनं त्यांना थांबवलं. झालं असं, की त्याचे सासू-सासरेही आले आहेत, ते पुढं देवीच्या गडावर थांबलेत. दर्शन घेऊन रात्री नाशिकला हॉटेल, उद्या शिर्डी. बुकिंग आधीच झालं होतं. पुढच्या वेळी मात्र नक्की. चहा झाला. चिवडा चांगला झालाय असं सगळे म्हणाले. तो सूनबाईंनी डब्यात भरून घेतला. सृष्टी इतका वेळ खांबाला पाठ लावून मागच्या दाराकडे बघत बसली होती.

“आजोबा, वासरू कधी येणार?”

“ते आता वरून जातं,” गोरक्षराव म्हणाले.

“का?”

याचं उत्तर राज्यघटनेत होतं, पण ते भाषण कुठं ठेवलं ते त्यांना आठवेना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मागं गाडी वळवायला जागा नव्हती म्हणून तो वळसा घालून बाजारपेठेत येऊन थांबला होता. मंडळी उठली, पाया पडली आणि पुढच्या दारानं गेली.

गोरक्षराव माजघरात उभे राहिले. मागच्या दारानं आली, चहा घेतला, पुढच्या दारानं गेली. झुंबरबाई निदान परत तरी यायची.

त्या संध्याकाळी त्यांनी मागचं दार सताड उघडलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. सिमेंटवरून माणसं जात होती. दार उघडं दिसताच ती मान वळवून घेत. भाऊच्या उघड्या दारातून आत बघू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी हापशीवर जाऊन झुंबरबाईला सांगितलं, की दार आता उघडं असतं, जायला हरकत नाही. तिला फार संकोच वाटला. “नको भाऊ,” ती म्हणाली. “सिमिटाचा रस्ता लय चांगला झाला. तुम्हाला कशाला परत तरास.” आणि भरलेली कळशी घेऊन ती वळशानं निघाली. गोरक्षराव तिच्या पाठीकडे बघत राहिले. भरल्या कळशीला तो वळसा किती लांब पडतो, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

ते भाऊसाहेबांकडे गेले. रस्ता पुन्हा चालू करायचा आहे. भाऊसाहेब म्हणाले, रस्ता आता कागदावर आहे, आणि तो बंद आहे. बंद रस्ता चालू होण्यासाठी कुणीतरी बाधित माणसानं, रस्ता अडवल्याची तक्रार करायला हवी. गावात कुणाची तक्रार नाही. गोरक्षरावांनी विचारलं, मी केली तर?

“विरुद्ध कोण?”

“मीच.”

भाऊसाहेबांनी सबंध नोकरीत पहिल्यांदाच लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. पण नियमात बसत होतं. अर्जदार गोरक्षनाथ बोरस्ते, जाब देणार गोरक्षनाथ बोरस्ते, अशा दोन नोटिसा निघाल्या. दोन्हींवर त्यांनी सह्या केल्या, एक जरा रागानं. सुनावणीला दोन्ही पक्ष हजर होते. अर्जदार बोलला तेव्हा जाब देणाऱ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल अर्जदाराच्या बाजूनं लागला आणि मागचं दार कायम उघडं ठेवावं असा लेखी आदेश झाला. गोरक्षरावांनी आदेश दोनदा वाचला आणि विचारलं, की लोकांनी त्यातून जावं असं यात कुठं म्हटलंय?

“तशी तरतूद नाय,” भाऊसाहेब हळूच म्हणाले. “दारापुरतंच आपलं चालतं.”

थंडी पडली. सरकारी आदेशानं उघड्या ठेवलेल्या दारातून वारा येई, माजघरातून चालत जाई आणि पुढच्या दारानं बाहेर पडे. तेवढाच राबता. गोरक्षराव कानटोपी घालून खुर्चीत बसत. रविवारी बूथवर जात. तिकडून पुढच्या महिन्याचं बोलणं झालं की, बरं, म्हणत.

दूध आणायला ते सकाळी वरच्या आळीच्या पलीकडे डेअरीवर जात. सभ्य माणसासारखे सिमेंटच्या रस्त्यानं, आळीला वळसा घालून. त्या सकाळी किटली घेऊन ते मागच्या दारात उभे होते. समोर रस्त्यापलीकडे, जरा चढावर, झुंबरबाईचं घर. तिच्या दारातून एक म्हातारा बाहेर आला. मग दोन पोरी. मग दुधाचे कॅन घेतलेला एक माणूस आत शिरला. पूर्वी ही सगळी माणसं तिच्या घरातून निघून आपल्या घरात येत, तेव्हा ती तिचे नातेवाईक आहेत असं गोरक्षरावांनी धरलं होतं. एवढं गणगोत असलेल्या बाईचा त्यांना हेवाही वाटला होता. आज ते नीट बघत राहिले. कॅनवाला तिच्या मागच्या दारानं बाहेर पडला आणि वरच्या घरात शिरला, तिथून त्याच्या वरच्या. वरच्या आळीत घराघरातून हेच चाललं होतं. ज्याचं घर वाटेत येई त्याच्या घरातून माणसं जात. एकट्या गोरक्षरावांवर कुणी कधी आक्रमण केलं नव्हतं. आणि इतक्या महिन्यांत कुणाच्या घरातून न गेलेला माणूस गावात एकच होता.

ते रस्ता ओलांडून झुंबरबाईच्या दाराशी गेले. उंबऱ्याशी थांबले. ‘जरा इकडून गेलो तर चालेल का’ हे वाक्य ओठांवर तयार होतं. पण विचारलं, की ती उठणार, घोंगडी झटकणार, बसा म्हणणार, चहा ठेवणार. मग आपण पाहुणे. पाहुणे कसे येतात आणि कसे जातात ते त्यांना चांगलं माहीत झालं होतं. त्यांनी वाक्य गिळलं आणि पाऊल आत टाकलं.

आत चुलीचा धूर होता. बुधा भिंतीशी बसून दोरी वळत होता. झुंबरबाई सुपात नागली पाखडत होती. किटलीचा आवाज होऊ नये म्हणून गोरक्षरावांनी ती छातीशी धरली, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा खाली सोडली. ते चालत राहिले. सुपाची लय मोडली नाही. बुधानं पाय किंचित जवळ घेतला, वाटेतून. वर कुणी पाहिलं नाही. मागच्या दारात ते पोचले, एक पाय बाहेर पडला.

“भाऊ, दार लोटून घ्या जाताना,” झुंबरबाई सुपाकडे बघतच म्हणाली. “कोंबड्या जातीन बाहेर.”

गोरक्षरावांनी दार लोटलं. एक कोंबडी आधीच बाहेर निसटली होती. किटली खाली ठेवून त्यांनी तिला पकडलं, आत सोडलं, आणि दार पुन्हा लोटलं.